आई कापून सत्कार ठेवला

थोरल्या लेकीच्या लग्नाची कॅसेट घरात आली ती चुकीच्या मापाची. आम्हाला काय ठाऊक, व्हिडिओ कॅसेटमध्येही लहान-मोठी असते म्हणून? शूटिंगवाल्याने दिली ती मोठी, तीन तासांची. थोरल्या दिरांनी मुंबईहून आणून दिलेलं मशीन लहान कॅसेटचं. घालायला गेलो तर आत शिरेचना. बघायला जमलेल्या शेजारणी चहा पिऊन उठून गेल्या.

मग आमचे मालक ती घेऊन गंगाखेडच्या व्हिडिओ पार्लरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, लहान कॅसेटवर उतरवून देतो, पण ती दोन तासांची, तासभर कापावं लागेल. काय कापायचं ते मालकांनी तिथंच उभ्याउभ्या सांगून टाकलं. आणि मोठी कॅसेट त्याच्याचकडे ठेवून आले. आपल्याकडे चालत नाही, तर त्याच्याकडे नीट राहील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा लय जण तसंच करायचे. लग्न आपलं, माणसं आपली, आणि ठेवायची कुणाच्या तरी दुकानाच्या फळीवर. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. लहान कॅसेट घरी आली ती पेरणीच्या घाईत, न लावताच कपाटात पडली.

दिवाळीआधी माझी आई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी म्हटलं, कॅसेट लावा. आईचा एकच फोटो होता, जत्रेतला, त्यात डोळे मिटलेले. पण हळदीला ती जात्यावर बसली होती, नातीचं नाव घालून एकामागून एक ओव्या म्हणत होती, आणि शूटिंगवाला समोरच उभा होता. मी पाहिलं होतं.

कॅसेट लागली. आधी सत्कार. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी माईकवरून एकेकाला पुकारतात, फेटा बांधतात, नारळ देतात. नवरी ताटकळते, मुहूर्त टळतो, पण सत्कार टळत नाही. पाऊण तास नुसते फेटे. मग अक्षता, मग पंगती, आणि कॅसेट संपली.

"हळद कुठाय?"

"काढली, पाठवणी बी काढली," मालक म्हणाले. "बायकांचं काय बघायचं त्यात? सत्कार काढला असता तर लोक नाराज झाले असते."

"कोण लोक? ते येणार हायत का तुमची कॅसेट बघायला?"

"तुला न्हाई समजायचं ते."

शाळेत गेले नाही मी, पण वाण्याच्या पुडीचे कागद वाचत वाचत शिकले. न समजण्यासारखं काय होतं त्यात? त्यांनी माझी आई कापली होती आणि सोसायटीच्या चेअरमनचा फेटा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पिंगळीहून गंगाखेडच्या गाडीत बसले, एकटी. मोठी कॅसेट होती ना अजून. पार्लरवाल्याला म्हटलं, काढ.

तो डोकं खाजवायला लागला. "मावशी, तिच्यावर सिनेमा भरला. सहा महिने झाले, कुणी न्यायलाच आलं न्हाई."

"विचारलंस कुणाला?"

"काकाच म्हणले ना, आमचं काम झालं, तुमाला वापरायची तर वापरा."

सहा महिने मालक घरात माझ्यासमोर जेवत होते आणि हे एवढंसं बोलले नव्हते.

"सिनेमा केवढा हाय?"

"अडीच तास."

"अन कॅसेट तीन तासांची. मग उरलेलं दाव मला."

"बाराचा खेळ हाय मावशी. लोक खोळंबलेत बाहेर."

"खोळंबू दे. सत्काराला पाऊण तास थांबतात, माझ्या आईला अर्धा तास थांबतील."

त्याने सिनेमा पुढे पळवला. मारामारी झाली, खलनायक मेला, पडद्यावर रेघा आल्या आणि एकदम आमचा मांडव. पाठवणी चालली होती. कडेला आई, हातात नातीची पिशवी. शूटिंगवाल्याला म्हणत होती, "बाबा, तो दिवा बाजूला घे, पोरीच्या डोळ्यावर यायलाय." एवढंच. पुढे गाडी, धूळ, पोरांची पळापळ. आई परत कुठे दिसली नाही. हळद सुरुवातीला होती, ती सिनेमाखाली गेली होती.

तीनदा लावायला लावलं. मग विचारलं, हिच्यावर पुन्हा कुणी काही भरू नये म्हणून काय करायचं? त्याने कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी दाखवली. ही मोडली की मशीन भरून घेत नाही म्हणे. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि तिथंच ती मोडली.

"मावशी, माझा सिनेमा हाय त्यात," तो म्हणाला.

"राहू दे. आता तो बी कुणी पुसणार न्हाई."

कॅसेट पदराखाली घालून घरी आले. मालक ओट्यावर बसले होते. "मिळाली का?"

"तुमी पुसायला दिली तेवढी सोडून."

ती माझ्या पेटीत ठेवली, किल्ली कमरेला लावली. थोड्या वेळाने ते आत येऊन म्हणाले, "पण आपलं मशीन लहान कॅसेटचं हाय."

"मग मशीन बदला," मी म्हटलं. "आई बदलता येत न्हाई मला."

त्या दिवशी स्वयंपाक केला नाही मी. आईच्या ओव्यांतली एकही मला पुरती येत नाही.