आप्पाजीच्या बैठका

आप्पाजी पैलवान होता, असं आप्पाजीच सांगायचा. चिक्कोडीकडच्या तालमीत त्यानं चार वर्षं लाल माती अंगाला फासली, जत्रेत दोन नारळ जिंकले, आणि त्या दोन नारळांवर बेंगळुरात एकवीस वर्षं तोरा मिरवला. व्हाइटफील्डच्या एका सोसायटीच्या फाटकावर तो गाड्यांना सलाम ठोकी, तोही छाती फुगवून. त्याची बायको यल्लव्वा तिथंच पाच घरांच्या फरश्या पुसायची. ती कंबर धरून घरी आली की हा म्हणे, "दुखणं हा बायकांचा शौक हाय."

यल्लव्वा सरळ स्वयंपाकाला लागे. भिंतीशी कोण बोलणार?

मग त्याचं अपेंडिक्स काढलं. दुसऱ्या दिवशी मान हलेना, खांदे, बरगड्या, पिंढऱ्या ठणकू लागल्या. "कापलं पोट आन् दुखतंय सगळं अंग. बेशुद्धीत आपटलंय मला ह्यांनी," असं म्हणत त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला.

डॉक्टर वेदिका शांतपणे म्हणाली, "भूल देताना स्नायू सैल करायचं औषध देतो. ते अंगात गेलं की सगळे स्नायू क्षणभर फडफडतात. दोन-तीन दिवस दुखेल, आपोआप थांबेल. फक्त पडून राहा. ताण दिलात तर टाके तुटतील."

घरी आल्यावर आप्पाजी हसला. "थेंबभर औषधानं पैलवान दुखतोय व्हय? आंबलेल्या गड्याला वस्ताद झोपू देत न्हाई. दुप्पट बैठका मारायला लावतो. तवा अंग मोकळं हुतं."

"त्ये गडी घाम गाळून आंबायचे," यल्लव्वा म्हणाली. "तुमी टेबलावर निजून आंबलाय. पडून ऱ्हावा. टाका तुटला तर परत कापतील."

"तुला तालमीतलं काय कळतंय?"

यल्लव्वा कामाला गेली. दुपारी परतली तेव्हा पैलवान चौकट धरून उभा होता आणि बनियन लाल झालं होतं. किती बैठका झाल्या, हे तिनं विचारलं नाही. त्यानं आपण होऊन सांगितलं, "सातच झाल्या."

रिक्षातून ती त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. वेदिकानं जखम पाहिली. "आतले टाके उसवलेत. पुन्हा भूल द्यावी लागेल."

आप्पाजीचा आवाज बारीक झाला. "अक्का, त्येच औषध देणार?"

"या वेळी दुसरं देऊ."

त्याला ते पटलं नाही. स्ट्रेचर हललं तसा त्यानं यल्लव्वाचा पदर धरला. "तू आत येशील न्हवं?"

"सोडत न्हाईत आत," ती म्हणाली. पदर सोडवून घेतला, बाकावर टेकली आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाय लांब केले.