आभाराचा परिच्छेद

माझ्या आईचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याच अक्षराने तिने स्वतःचा घात करून घेतला.

बाबा सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, त्यांना या गावी सेवेला पाठवलं होतं आणि तिच्या मासिक मदतीवर आमचं घर चालायचं. घर म्हणजे प्रार्थनेच्या हॉलमागच्या दोन खोल्या. समोर सरकारी दवाखाना. बाहेरगावच्या रुग्णांची माणसं मुक्कामाला आमच्या हॉलमध्ये असायची. बाबा त्यांची विचारपूस करायचे, त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे, आणि आई त्यांच्या चादरी धुवायची. रोजच्या दहा-बारा तरी. रक्त, उलटी, तान्ह्या मुलांचं काहीबाही. मंडळीच्या वार्षिक अहवालात या सगळ्याला बाबांची सेवा म्हणत. चादरींचा उल्लेख मी तरी कधी वाचला नाही.

धुण्याच्या सोड्याने तिचे हात गेले. आधी भेगा पडल्या, मग त्या वाहू लागल्या, मग मूठ मिटेना. दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, मलम कितीही चोपडा. हात साबणाच्या पाण्यातून बाहेर काढले नाहीत तर ही बोटं कायमची आखडतील."

"चादरींना विचारून बघते," आई म्हणाली.

डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं.

मामा यंत्रं दुरुस्त करायचा. कुणीतरी भंगारात काढलेलं वॉशिंग मशिन त्याने महिनाभर खपून चालू केलं आणि हातगाडीवर घालून आणलं. "ताई, ओरडेल जरा, पण काम चोख करेल," म्हणाला. ओरडायचं कसलं, घर डोक्यावर घ्यायचं! पण तीन महिन्यांत आईच्या भेगा बुजल्या. सात वर्षं डब्यात पडलेली लग्नाची अंगठी तिने पुन्हा बोटात घातली, आणि त्या दिवशी साधं मीठ कुठंय ते सांगतानासुद्धा ती हात लांब करून बोट दाखवत होती.

दर महिन्याला मंडळीला पत्र जायचं. बाबांचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून पत्र आईचं. त्याची रीत ठरलेली होती. पहिला परिच्छेद आभाराचा, दुसरा कामाचा, तिसरा प्रार्थनेच्या विषयांचा. पैसे कधी मागायचे नाहीत, प्रार्थना मागायची. छप्पर गळत असेल तर 'छपरासाठी प्रार्थना करावी' असं लिहायचं आणि पत्र्यांची वाट बघायची. सगळ्यांना सगळं कळत होतं, पण बोलायचं नाही असा तो सभ्य कारभार होता.

त्या महिन्यात आईने पहिल्या परिच्छेदात मशिन लिहिलं.

बाबा म्हणाले, "अगं, कशाला? तुझ्या भावाने दिलंय. त्यांचा काय संबंध?"

"भावाच्या हातून देवानेच दिलं ना? मिळालेलं लपवून ठेवायचं म्हणजे देवाची चोरी झाली, अहो. देवाची लेकरं मंडळीत उभी राहून त्याने काय दिलं त्याची साक्ष देतात, आणि मी गप्प बसू?"

बाबा गप्प बसले. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ते पत्र रविवारच्या उपासनेत वाचून दाखवलं म्हणे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच उपासनेत मंडळीच्या खजिनदारांनीही साक्ष दिली. त्यांना नवी मोटार मिळाली होती. विश्वासू माणसाला देव कसा भरभरून देतो, यावर ते बराच वेळ बोलले आणि पुढच्याच बैठकीत सेवकांची मदत ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. आम्हाला मात्र त्यांच्या सहीचं पत्र आलं. प्रभू आता तुमच्या गरजा थेट भागवत आहे हे वाचून समितीला अत्यानंद झाला आहे, तरी यापुढे तुमची मदत निम्मी करून ती अधिक गरजू सेवकांकडे वळवण्यात येईल.

म्हणजे आशीर्वाद एकच. त्यांच्या दारात उभा राहिला की विश्वासाचं फळ, आणि आमच्या मोरीत उभा राहिला की कपातीचं कारण. मला आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

"हात दाखवून अवलक्षण," बाबा एवढंच म्हणाले. समितीला त्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नाही. सहा महिने ओढाताण केली, मग आईने मशिन विकलं. न्यायला आलेल्या माणसाला तिने ते पुसून दिलं. अंगठी परत डब्यात गेली.

वर्षभराने समिती पाहणीला आली, त्याच मोटारीने. अध्यक्षीणबाईंनी मोरीत डोकावून विचारलं, "वहिनी, ते मशिन कुठंय?"

"विकलं."

"अरेरे! मिळालेला आशीर्वाद टिकवायलासुद्धा विश्वास लागतो हो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मला डोळ्यांनीच दटावलं. मग बाईंचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं, हेच मला जास्त लागतं. "किती झिजलेत हे हात प्रभूसाठी!" म्हणत त्यांनी आईला खिडकीपाशी नेलं, उजेडात तळवे वर करायला लावले आणि फोटो काढला.

तो फोटो मंडळीच्या पत्रकात पहिल्या पानावर आला. आईचं नाव नव्हतं. 'हे हात तुमच्या दानाची वाट पाहत आहेत' असं खाली छापलं होतं. पुढच्या पत्रकात कळलं की एवढी देणगी आजवर कधी जमली नव्हती. त्यातून शहरातल्या चर्चच्या आवारात पाहुण्या वक्त्यांसाठी खोली बांधली, गरम पाण्याच्या सोयीसकट. आमची मदत निम्मी होती ती निम्मीच राहिली.

त्याच आठवड्यात पत्राचा दिवस आला. आईने पेन धरून बघितलं. ते दोनदा खाली पडलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं होतं. तिने मला हाक मारली. "तू बस लिहायला. मी सांगते."

मी तारीख घातली, मायना लिहिला. "सांग. आधी आभार."

ती पत्रकातल्या फोटोकडे बघत बसली. बाहेर तारेवर चादरी वाळत होत्या. इतकी वर्षं हा परिच्छेद तिला कधी शोधावा लागला नव्हता. दवाखान्यातून कुणाचं पोर बरं होऊन गेलं, ऊन चांगलं पडलं, एवढ्यावरसुद्धा तिचं अर्धं पान भरायचं.

"आई?"

"ते सोड या वेळी," ती म्हणाली. "कामापासून सुरू कर."