सुधीरची पाटी पाणंदीतच राहणार

मित्रांनो, मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज लिहिते.

कारगिलच्या युद्धात गेलेल्या माझ्या भावाचं, सुधीरचं, नाव आमच्या घराकडच्या पाणंदीला दिलेलं आहे. आज सकाळी ग्रामसभेत ते नाव किनाऱ्याच्या नव्या रस्त्याला देऊन पाटी तिकडे हलवायचा विषय निघाला.

सरपंच प्रेमानेच म्हणाले, "अगो बाय, रस्तो मोठो, तर मानय मोठो. पर्यटक बघतले."

मी उभी राहिले. म्हटलं, "सुट्टीर इलो की तो ह्याच पाणंदीतसून चलत येय. दारादारात लोक तेका थांबवन चाय देयत. घराक पोचासर आवशीन वाढलेला जेवाण थंड होय. नव्या रस्त्यार तेका वळाखता कोण?"

मागून शेजारच्या काकी ओरडल्या, "आणि थंय गाडये सुसाट धावतत. पाटी वाचतलो कोण, म्हशी?"

सभा हसली, सरपंचही हसले. पाटी जागेवरच ठेवायची, असं ठरलं.

यात त्याचा मान कमी झाला असं मला वाटत नाही. त्या पाणंदीतलं प्रत्येक घर आजही त्याला "आमचो सुधीर" म्हणतं.

तुमच्या गावात शहिदाच्या नावाचा रस्ता असेल, तर तो जवान कोणाचा कोण होता, हे तुम्हाला ठाऊक आहे का?