आईच्या व्हिडिओंचे पंधरा जीबी

अण्णाचा, माझ्या मोठ्या भावाचा, नोकरीतला शेवटचा आठवडा होता. ऑफिसचा लॅपटॉप परत करायचा होता आणि तो न्यायला दुपारी माणूस बनशंकरीच्या आमच्या घरी येणार होता. त्याआधी लॅपटॉप पुसून कोरा करायचा, हा ऑफिसचा नियम. अडचण एवढीच, की आईचे सगळे व्हिडिओ त्याच्यावर होते. पुरण वाटताना, गौरीची गाणी म्हणताना, शेजारणीशी अर्ध्या कन्नडमध्ये हुज्जत घालताना अण्णाने तिला टिपलं होतं. ती गेल्यावर आमच्याकडे तिचा आवाज तेवढाच उरला.

कामांचा क्रम मी ठरवला होता : कॉपी, तपासणी, मग पुसणं. कॉपी झाली. तपासायला हार्ड डिस्क माझ्या संगणकाला जोडली आणि तिथेच अडलं. अण्णाच्या लॅपटॉपवर फोल्डर २१४ जीबी दिसत होता, माझ्याकडे १९९.

"पंधरा जीबी आई वाटेत सांडलीस," अण्णा म्हणाला. हसून म्हणाला, पण डोळे आकड्यावरच होते.

"पुन्हा कॉपी करते."

"माणूस निघालाय. तुझी कॉपी होईपर्यंत तोही रिटायर होईल."

अक्का, आमची थोरली बहीण, चिकपेटमधलं साड्यांचं दुकान सुनेवर सोपवून आली होती. "भांडू नका. आधी नग मोजा," ती म्हणाली.

व्हिडिओ दोन्हीकडे सारखेच भरले. मग मी दोन्हीकडे फोल्डरची माहिती उघडली. जीबीच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत बाइट्सचा लांबलचक आकडा होता. मी माझ्याकडचा एकेक अंक वाचत गेले आणि अक्का लॅपटॉपवर बोट ठेवून कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरोबर, म्हणत गेली. शेवटच्या अंकापर्यंत सरी.

मग मी कारण शोधलं. अण्णाचा लॅपटॉप हजार-हजारांचे गठ्ठे बांधत जीबीपर्यंत पोचतो, माझा संगणक एक हजार चोवीसचे. गठ्ठा मोठा, म्हणून आकडा लहान.

"म्हणजे एक वारांत मोजतो, एक मीटरमध्ये," अक्का म्हणाली. "नऊवारी मीटरने मोजली तर सव्वाआठच्या आत भरते. म्हणून काय पदर कापला गेला?"

"पण वार आणि मीटर वेगळं लिहितात गं. इथे दोघंही जीबीच लिहितात."

"मग चूक लिहिणाऱ्यांची. तू कशाला रडवेली झालीस?"

वाद घालण्याआधी मोजायचं, हा अक्काचा गुण मला मनापासून आवडतो. आमच्यापैकी कुणालाच तो तितका जमत नाही.

अण्णाचा हात पुसायच्या बटणाकडे गेला. तिने तो धरला. दुकानात कापडाचा ताका आला, की वरची घडी बघून ती कधीच होकार देत नाही. मधूनच उलगडून उजेडात धरते. हार्ड डिस्कवरचा मधलाच एक व्हिडिओ तिने लावायला सांगितला.

"अरे, स्वल्प बाजूला हो," आई म्हणाली. "उजेड अडवतोस. पुरण करपलं तर तुझ्याच ताटात वाढीन."

अक्काने तो शेवटपर्यंत पाहिला. दारावरची बेल वाजली तरी उठली नाही. मग अण्णाचा हात सोडून म्हणाली, "सरी. आता पूस."