नऊ माणसांची जीप

शेलूबाजार ते मंगरूळपीर मी काळीपिवळी जीप चालवतो. कागदावर ती नऊ माणसांची आहे. अठरा भरल्याशिवाय मी ती स्टँडवरून हलवत नसे. पुढे माझ्याशिवाय तिघं. माझी अर्धी बैठक दाराबाहेर असायची आणि गिअर शेजाऱ्याच्या गुडघ्यांमधून टाकावा लागायचा, म्हणून शेजारी शक्यतो ओळखीचा माणूस बसवायचो. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

सोयाबीनच्या दिवसांतली गोष्ट. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत टाकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून समोरून ट्रक आला. मी स्टेअरिंग फिरवलं. ते अर्धंच फिरलं, पुढे शेजाऱ्याचं पोट होतं. जीप रस्ता सोडून तुरीच्या वावरात उतरली आणि कलंडली.

सतरा जण खरचटून उठले. मावशीचा उजवा हात कोपराजवळ मोडला. मावशी म्हणजे मेथी-वांगी विकायला सतत माझ्या जीपमध्ये बसणारी म्हातारी. नात्यातली नव्हे, पण स्टँडवरचे सगळेच तिला मावशी म्हणतात.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असताना मी तिच्याजवळ बसून होतो. तिनं विचारलं, "किती होते रे गाडीत?"

"अठरा."

"तुले धरून?"

"मले सोडून."

"अन् कागदावर?"

"नऊ."

तिनं डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे आमी नऊ जनं नव्हतोच गाडीत." तिनं तक्रार केली नाही. केली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

दीड महिन्यानं ती स्टँडवर आली. हात गळ्यात बांधलेला होता. माझ्या शेजारी बसली, डाव्या हातानं चाबी काढली आणि मुठीत धरली.

"मावशी, चाबी काहून काढली?"

"नऊ झाले की देतो."

नऊ झाले, तिनं चाबी दिली. दहावा माणूस चढायला लागला, तशी तिनं परत घेतली. मागून एकजण ओरडला, "मावशी, उशीर होऊन राह्यला!"

"हात मोडला का दीड मह्यना उशीर होते," ती म्हणाली. दहावा उतरला.

मला वाटलं, एकदा करेल आणि थकेल. ती रोज आली. विकायला भाजी नसेल त्या दिवशीही आली. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "तुयी मालकीण आली पाह्य." मला राग यायचा, पण प्लास्टरकडं बघून बोलता येत नव्हतं. पुढं प्लास्टर निघालं. हात सरळ होत नव्हता, त्यामुळं तेव्हाही बोलता आलं नाही.

एक दिवस तऱ्हाळ्याच्या अलीकडं एक मोटारसायकल इकडंतिकडं न बघता वावरातून थेट रस्त्यावर आली. मी स्टेअरिंग फिरवलं. ते पूर्ण फिरलं. जीप तिच्या बाजूनं निघून गेली. मोटारसायकलवाल्याच्या मागे त्याची बायको होती, मांडीवर लेकरू होतं. पुढं जाऊन मी गाडी थांबवली. मावशीनं पाण्याची बाटली पुढं केली.

त्यानंतर आठवडाभरानं ती माझ्या गाडीत बसायची बंद झाली. स्टँडवर दिसली तेव्हा मी जरा दुखावूनच विचारलं, "मावशी, मी काही चुकलो काय?"

"नाई बापू. तुयं झालं आता," ती म्हणाली आणि पलीकडच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्या जीपमध्ये तेव्हा सोळा जण होते आणि दोघं मागं लटकत होते.

दुपारी तो ड्रायव्हर माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला होता.

"हे किती दिवस चालते?" त्यानं विचारलं.

"माह्यं तर तीन मह्यने चाललं," मी म्हणालो. "तू लवकर ऐकशील तर लवकर सुटशील."