सौमाचा तळवा

ह्वालिएन शहरातल्या हॉस्पिटलात सौमाचं काम म्हणजे ऑपरेशनात सर्जनच्या हाती हत्यारं द्यायची. पण हाडांचे चुआंग डॉक्टर कंबरेचं हाड जोडायला घेत, तेव्हा टेबलाशी त्यांना सौमाच लागे. किनाऱ्यावरच्या आमीस आदिवासींच्या वस्तीत खडकावरच्या शिंपल्या खरवडत वाढलेली बाई, पंजा फावड्यासारखा.

"आक्का, या पंजाची एक बसली तर माणूस समुद्रापार जाईल," चुआंग म्हणायचे.

"म्हणून तर नवरा गप असतो," सौमा म्हणायची.

त्या दिवशी टेबलावर नामोह नावाचा खाणकामगार होता. संगमरवराच्या खाणीत धोंड्याखाली कंबर चेंगरलेली. धातूची पट्टी बसवायला हाड मोकळं करताना, हाडावरून आडवी जाणारी रक्तवाहिनी तुटली अन् तिचं टोक आत खोल पळालं. डॉक्टर लोक तिला मरणाचा मुकुट म्हणतात, ते उगीच नाही. बघता बघता खड्डा रक्तानं भरला.

"फडकी!" चुआंग ओरडले.

एकामागून एक फडकी आत कोंबली. वर सौमानं तळवा रोवला. चुआंग हात छातीशी बांधून मागं सरले. त्यांची रीतच ती. दाबल्यावर उचलून बघायचं नाही. बघितलं की धरू लागलेली गुठळी फडक्याबरोबर उपटून येते.

भूल देणाऱ्या कंगबाईंनी खोली तापवायला लावली, रक्ताच्या पिशव्या कोमट करून चढवल्या. गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा.

"प्रेशर पडतंय अजून," कंगबाई म्हणाल्या.

सौमाच्या बोटांना ऊब लागत होती. वाहतंय का थांबलंय? नुसता कोपरा उचलला तरी कळलं असतं. तिचा अंगठा फडक्याच्या कोपऱ्याकडं सरकला.

"आक्का, बघू नको."

"मी कुठं बघतेय? तुम्हीच मान लांब करताय बगळ्यावानी."

कुणीतरी फिसकन हसलं. सौमानं डोळे मिटले, सगळा भार हातावर टाकला. तळव्याखाली काहीतरी धडका देत होतं, वाळूत पुरलेल्या माशागत. मग धडका विरळ झाल्या. मग नाहीतच.

"चढलं! प्रेशर चढलं."

चुआंगनी एकेक फडकं भिजवून, सोलल्यासारखं काढलं. तळ कोरडा. त्यात तांदळाच्या दाण्याएवढं तुटकं टोक, स्वतःच गुठळीचं बूच लावून बसलेलं. चुआंगनी ते चिमट्यात धरलं, दोऱ्यानं बांधलं.

सौमा वाकून बघतच राहिली. आतापर्यंत कितीदा तरी पाहिलेलं, तरी अंगावर काटा आला.

"असं बूच लावायला कुणी शिकवलं असंल हो याला?"

"आक्का, बाजूला हो. पट्टी बसवायचीय."

"थांबा की जरा. डोळं भरून बघू द्या."

अन् चुआंग थांबले.