फळीच्या जागी पत्रा

कन्हैयालालला कामावरून काढायचा कागद टेबलावर तयार होता. फक्त माझी सही बाकी होती.

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मी पॉवरहाउसचा सुपरवायझर होतो. आदल्या दिवशी एका यंत्राच्या मोटारीत शॉर्टसर्किट झालं आणि पॅनेलमधले बसबार, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्या, वाकून मागच्या पत्र्याला टेकले. मोठा भडका उडाला. कन्हैयालाल वायरमनचा हात भाजला, आणि वर ठपकाही त्याच्यावरच.

"नट ढिले सोडले त्याने. सही करा," चीफ इंजिनिअर निगुडकर साहेब म्हणाले.

मी पाना घेऊन पॅनेलपाशी गेलो. एकही नट हलेना. पट्ट्या वाकल्या होत्या त्या मधोमध, जिथे नटच नव्हते. दाराशी कन्हैयालाल हाताला पट्टी बांधून उभा होता. "साब, नट तो मैंने खुद कसे थे," एवढंच म्हणाला. अठरा वर्षांची नोकरी होती त्याची. माझं डोकंच फिरलं.

कारण पत्रा कुठून आला ते मला माहीत होतं. बसबारच्या मागे पूर्वी सागवानी फळी होती. दर दसऱ्याला आमचे लोक तिला हळदकुंकू लावायचे, तेलाचा हात फिरवायचे. फळी काळीलाल झाली. मिल पाहायला पाहुणे येणार म्हणून निगुडकर साहेबांना ती गचाळ वाटली. त्यांनी मल्हारगंजच्या बाजारातून लोखंडी पत्रा कापून आणवला, राखाडी रंग दिला आणि पट्ट्यांपासून दोन बोटांवर बसवला. मी तेव्हा गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

आता यात बिघडलं काय? शेजारच्या दोन पट्ट्यांतून उलट दिशांनी करंट गेला की त्या एकमेकींना ढकलतात. रोजच्या करंटला हा धक्का जाणवतही नाही. शॉर्टसर्किटमध्ये करंट दहापट झाला, तर धक्का शंभरपट होतो. त्यात जवळ लोखंड असलं की चुंबकत्व त्यातून सहज वाट काढतं. पट्ट्या एकमेकींना आणखी जोरात ढकलतात, शिवाय लोखंडाकडे ओढल्या जातात. लाकडाला चुंबकत्वाचं सोयरसुतक नसतं.

मी मिलच्या मॅनेजरना आणि निगुडकर साहेबांना पॉवरहाउसमध्ये बोलावलं. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या शेजारी लटकवल्या आणि बॅटरीचा करंट क्षणभर सोडला. पट्ट्या जराशा फाकल्या. मग मागे पत्र्याचा तुकडा धरला आणि पुन्हा करंट सोडला. दोन्ही पट्ट्या फटकन पत्र्याला जाऊन भिडल्या.

"अब बताइए, इसमें नट कहाँ है?" मी विचारलं.

मॅनेजर वळले ते निगुडकरांकडे. मग म्हणाले, "कन्हैयालाल काम पे रहेगा. पत्रा आज ही निकालो."

मी रिपोर्ट लिहायला बसलो. निगुडकर जवळ आले. "अहो, पत्र्याचं कशाला लिहिता? बात खतम झाली ना? लिहा की पट्ट्या धरणारे इन्सुलेटर जुने होते."

"साहेब, इन्सुलेटर दिवाळीनंतर बदलले आहेत. मीच बदलले."

मी रिपोर्टात कारण म्हणून पत्राच लिहिला. पण वर गेलेल्या टाइप केलेल्या प्रतीत इन्सुलेटरच जुने झाले होते. कन्हैयालालची कुणी माफी मागितली नाही. पुढे बत्तीस वर्षं नोकरी केली आणि हेच पाहत आलो: वायरमन चुकला की माणूस निकम्मा ठरतो, साहेब चुकला की सामान जुनं होतं.